चहाच्या डोंगरावर गवत कापताना

जपानमधल्या हमामात्सुत बर्फ क्वचितच पडतो, पण डिसेंबर लागला की वारा सुटतो. या भागाचं जुनं नाव एन्शू. इथल्या या वाऱ्याला लोक ‘एन्शूचा काराक्काझे’ म्हणतात, म्हणजे कोरडा वारा. आकाश निळंशार, ऊन लखलखीत, आणि तरी सायकलचं हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मी संगमेश्वर तालुक्यात वाढले. आमच्याकडची थंडी म्हणजे पहाटे अंगणात शेकोटी आणि नऊ वाजले की शाल घडी करून ठेवायची. इथे घरातसुद्धा एकच खोली गरम असते. स्वयंपाकघरात सकाळी भांड्याला हात लावला की कळ येते.

पहिल्या हिवाळ्यात मी दिवसातून तीन वेळा आल्याचा, दुधाचा चहा केला आणि त्यावर दिवस काढले. हिरवा चहा घरात होता, कुणीतरी भेट म्हणून दिलेला. एकदा करून पाहिला. आपण चहा करतो तसंच खळखळतं पाणी घेतलं, चमचाभर पत्ती टाकली, पाच मिनिटं झाकून ठेवलं. इतका कडू झाला की दोन घोटांच्या पुढे गेला नाही. पाकीट चिमटा लावून फडताळात मागे सरकवलं आणि वर्षभर तिथेच राहिलं. त्या पाकिटाचं पुढे काय झालं ते सांगतेच.

ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईंचं माहेर काकेगावाजवळच्या हिगाशियामा भागात, चहाच्या मळ्यात. मला हा चहा आवडत नाही असं मी त्यांना एकदा सरळ सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “डिसेंबरात एका शनिवारी आमच्या घरी चल. सकाळी गवत कापू, मग चहा पिऊ.” चहाच्या मळ्यात जाऊन गवत कशाला कापायचं, हे मला तेव्हा समजलं नाही. तण काढायचं असेल असं मनाशी धरून मी हो म्हटलं.

तोकाइदो मार्गाच्या साध्या गाडीने हमामात्सुहून काकेगावा साधारण अर्ध्या तासावर आहे. स्टेशनवरून मोटारीने निघालं की थोड्या वेळात समोर आवागाताके दिसायला लागतो. उंची ५३२ मीटर, म्हणजे सह्याद्रीच्या माणसाला टेकडीच. पण त्याच्या उतारावर हिनोकीची झाडं लावून चहा या अर्थाचं चिनी अक्षर काढलेलं आहे, इतकं मोठं की शिन्कान्सेन या बुलेट ट्रेनमधूनही वाचता येतं. त्या अक्षराच्या खालच्या अंगाला गेलो तेव्हा मला दिसला तो निम्मा हिरवा, निम्मा पिवळा डोंगर. हिरवे पट्टे चहाचे, कंगव्याने विंचरल्यासारखे. त्यांच्या मधे आणि वर सुसुकी नावाच्या उंच गवताचे पिवळे उतार, वाऱ्यात पांढरे तुरे हलवत उभे. चहाच्या रांगांवर उंच खांबांवर पंखे लावलेले होते. थंड रात्री जमिनीलगतची हवा गार पडते आणि वरची थोडी ऊबदार असते, ती वरची हवा हे पंखे खाली ढकलतात, म्हणजे दहिवरानं कोवळी पालवी जळत नाही.

सहकारी बाईंच्या आईवडिलांना मी मराठीत लिहिताना काका-काकूच म्हणेन. काका पंचाहत्तरीच्या पुढचे. त्यांनी मला हातमोजे दिले आणि एक दातेरी विळा. आपल्याकडच्या भाताच्या विळ्याचाच भाऊबंद. विळा हातात आला आणि हात आपोआप वळला. मूठभर गवत डाव्या हातात धरायचं, बुंध्याशी विळा लावून आपल्याकडे ओढायचा. सुसुकीची पात मात्र भातासारखी नाही, तिची धार ब्लेडसारखी. मोज्याच्या वर मनगटावर दोन रेघा उमटल्यावर मी बाही खाली ओढून मोज्यात खोचली. सपाट जागी काका यंत्राने कापत होते. आमच्या वाट्याला आला तो कडेचा चढ, जिथे यंत्र धरून उभं राहता येत नाही.

कापलेलं गवत तसंच पडू द्यायचं नाही. त्याच्या पेंढ्या बांधायच्या, गवताच्याच पिळाने. मग त्या एकमेकींना टेकवून उभ्या करायच्या, वरची टोकं एकत्र बांधायची, खाली बुंधे पसरते ठेवायचे. याला इथे काप्पोशी म्हणतात. आठ-दहा दिवसांत त्यातून वारा जाऊन गवत खडखडीत वाळतं आणि पाऊस पडला तरी आत शिरत नाही. दुपारपर्यंत आमच्या उतारावर बऱ्याच काप्पोशी उभ्या राहिल्या. लांबून बघितलं तर थेट इरली पांघरून लावणीला बसलेल्या बायका. मी फोनवर फोटो काढून आईला पाठवला तर तिचंही तेच उत्तर आलं, “इरल्यासारखं दिसतंय गो.”

आधी वाळवलेल्या पेंढ्या दुसऱ्या उतारावर तयार होत्या. त्या खांद्यावरून खाली चहाच्या रांगांत आणायच्या, यंत्रातून तुकडे करायचे आणि दोन रांगांच्या मधल्या सरीत पसरायचे. घोट्यापर्यंत पाय बुडेल इतका जाड थर होतो. पहिल्यांदा त्यावरून चालताना मला गादीवर चालल्यासारखं वाटलं. काकांनी मला खाली बसवलं आणि हातानेच थर उलगडून दाखवला. वरचं पिवळं गवत आजचं. त्याखाली राखाडी झालेलं, गेल्या वर्षीचं. त्याखाली तपकिरी, बोटांत घेतलं की चुरा होणारं, ते त्याहून जुनं. आणि अगदी खाली काळीभोर, ओलसर, गांडुळं असलेली माती, पावसाळ्यात देवराईतल्या पानांखाली असते तशा वासाची. वारा इतका कोरडा की ओठ फुटलेले, आणि त्या थराखाली मात्र ओल टिकून होती. हात घातला तर ऊब जाणवली. थंडीत मुळांवर गोधडी घालणं म्हणजे काय ते मला डोळ्यांनी दिसलं.

ही गोधडी फक्त उबेसाठी नाही. उतारावरची माती पावसाने वाहून जात नाही, तण वर येत नाही, आणि गवत हळूहळू कुजून खत होतं. सुसुकी सावकाश कुजते, म्हणून तिचा थर वर्षानुवर्षं पुरतो. चहाची चव हिवाळ्यात कशी घडते तेही काकांनी सांगितलं. चहाला गोडसर चव देणारा जो घटक, थियानीन, तो मुळांत तयार होतो आणि तिथून वर पानांत चढतो. पानाला ऊन लागलं की त्याचंच पुढे कॅटेचिन बनतं, तो तुरटपणा. हिवाळाभर झाड थांबलेलं असतं, मुळांत साठा करत राहतं, आणि वसंतात पहिली पालवी फुटते तेव्हा तो सगळा साठा तिच्यात उतरतो. म्हणून पहिल्या तोडीचा चहा सगळ्यांत गोड. रिश्शुन, म्हणजे त्यांच्या पंचांगातला वसंतारंभ, तिथून ८८वा दिवस धरतात. तो २ मेच्या आसपास येतो आणि नव्या चहाचा दिवस मानला जातो. आम्ही डिसेंबरात पसरलेलं गवत त्या मे महिन्यासाठी होतं, आणि आम्ही त्या दिवशी प्यायलो तो चहा आदल्या हिवाळ्यातल्या गवतावर वाढलेला.

मला राहून राहून आमचा राब आठवत होता. कोकणात आम्हीही थंडीत डोंगरावर जातो, कवळं तोडतो, पालापाचोळा आणि गवत गोळा करतो, दाढीच्या, म्हणजे भाताची रोपं करायच्या, जागेवर थर रचतो आणि उन्हाळ्यात भाजतो. जमिनीला डोंगराचं काहीतरी द्यायचं, मग पेरायचं, ही समजूत दोन्हीकडे सारखी. आम्ही ते जाळतो, हे लोक ते कुजू देतात. आमच्या राबाला मी लहानपणी धुराचं काम म्हणून टाळायचे. आजी एकटी भारा घेऊन उतरायची. आवागाताकेच्या पायथ्याशी खांद्यावर पेंढी घेतली तेव्हा तिची मान कशी तिरकी व्हायची ते मला आठवलं, आणि मी थोडा वेळ काहीच बोलले नाही.

या गवताळ जागांना चागुसाबा म्हणतात: चा म्हणजे चहा, गुसा म्हणजे गवत, बा म्हणजे जागा. मळ्याजवळ मुद्दाम राखलेलं गवताचं रान. पूर्वी जपानभर गवताची रानं होती, छपरासाठी, जनावरांसाठी, शेतासाठी. कौलं आणि पत्रे आले, ट्रॅक्टर आले, खताच्या गोण्या आल्या, आणि गवताची गरज संपली. मग तिथे झाडोरा माजला किंवा इमारती उभ्या राहिल्या. इथली मात्र राहिली, कारण इथल्या शेतकऱ्याला चांगल्या चहासाठी गवत हवंच होतं. दर वर्षी एकदा, तेही बी पडून गेल्यावर, रान कापलं जातं. त्यामुळे जमिनीपर्यंत ऊन पोहोचतं आणि बुटकी फुलझाडं जगतात. शरदातली सात फुलं म्हणून जपानी लोक ज्यांची नावं शाळेत पाठ करतात, त्यांतली हागी, ओमिनाएशी, नादेशिको, किक्यो अशी कितीतरी या रानांत अजून फुलतात. या भागातच सापडणारा एक टोळही आहे, काकेगावा फुकिबात्ता. त्याला उडता येत नाही. रान गेलं तर त्याला उडून दुसरीकडे जाण्याचीही सोय नाही. हिवाळ्यात तो दिसत नाही, सहकारी बाईंनी मला सप्टेंबरातला फोटो दाखवला.

२०१३ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने या पद्धतीला जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून मान्यता दिली. काकेगावा, किकुगावा, शिमादा, माकिनोहारा आणि कावानेहोन अशा पाच ठिकाणच्या मळ्यांचा त्यात समावेश आहे. नंतर पाकिटांवर पानांची खूण आली. चहाच्या लागवडीच्या मानाने गवताचं रान जितकं जास्त राखलं, तितकी पानं जास्त. निम्म्याहून अधिक असेल तर तीन. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण मीही आधी चुकीचं समजले होते. ही खूण म्हणजे सेंद्रिय चहाचा शिक्का नाही. सेंद्रियाचं प्रमाणपत्र वेगळं असतं. काका खत वापरतात आणि तसं त्यांनी विचारल्यावर लगेच सांगितलं. चहाला नत्र फार लागतं, आणि एके काळी आमच्या या शिझुओका प्रांतातल्या मळ्यांत ते इतकं ओतलं गेलं की आसपासच्या पाण्यात नायट्रेट उतरलं. त्यानंतर खताचं प्रमाण बरंच खाली आणलं गेलं. मला स्वतःला हे गवताचं काम सेंद्रियाच्या शिक्क्याइतकंच मोलाचं वाटतं. पाकीट घेताना मी आता दोन्ही खुणा वेगवेगळ्या वाचते.

दहा वाजता काकूंनी हाक मारली, “इप्पुकु!” म्हणजे कामातली घटकाभर विश्रांती. आम्ही पेंढ्यांच्या आडोशाला बसलो, वारा डोक्यावरून जात होता. काकूंनी थर्मास, पत्तीचा डबा आणि एक लालसर मातीची, बाजूला दांडी असलेली किटली आणली होती. या किटलीला क्यूसु म्हणतात. शेजारच्या आइची प्रांतातल्या तोकोनामेची होती. त्यांनी थर्मासमधलं पाणी आधी रिकाम्या पेल्यांत ओतलं. मला वाटलं, पेले धुताहेत. नाही, पेले गरम होत होते आणि पाणी निवत होतं. थोड्या वेळाने तेच पाणी पेल्यांतून किटलीत, पत्तीवर. झाकण. काकूंनी मनात मोजलं, तीसच्या पुढे. मग एकेका पेल्यात थोडं थोडं, पुन्हा पहिल्यापासून थोडं थोडं, म्हणजे सगळ्यांचा रंग सारखा. शेवटी किटली उभी धरून दोन-तीन झटके, अगदी शेवटचा थेंब पडेपर्यंत.

चहा गढूळ हिरवा होता, मुगाच्या कढणासारखा दाट. काकेगावाकडे फुकामुशी करतात, म्हणजे खोल वाफवलेला चहा. तोडल्यावर पानं नेहमीच्या सेन्चापेक्षा, म्हणजे साध्या हिरव्या चहापेक्षा, दुप्पट-तिप्पट वेळ वाफवतात. त्याने तुरटपणा उतरतो आणि पान इतकं मऊ होतं की पुढे मळताना त्याचे बारीक कण होतात, तेच पेल्यात उतरतात. गोठलेल्या बोटांनी पेला धरला. वाफेला हिरवा, उकडल्याचा वास होता. हळदीच्या पानात पातोळ्या वाफवताना झाकण उघडलं की येतो, त्याच्या जवळपासचा. पहिला घोट गोड. साखरेचा गोडपणा नव्हे, कोवळ्या मक्याच्या दाण्याचा. तुरटपणा मागून आला, जिभेच्या कडेला थोडा थांबला आणि गेला. मी पेला संपवला आणि काही न बोलता पुढे केला. काकू हसल्या. दुसऱ्या वेळी त्यांनी पाणी जास्त गरम घेतलं आणि लगेच ओतलं. ती दुसरी खेप अधिक कडक होती, अंगात उतरणारी. त्या थंडीत मला तीच जास्त आवडली.

घरी आल्यावर हे सगळं एकटीला जमायला तीन आठवडे लागले. काकूंनी दिलेल्या पाकिटावर तीन पानांची खूण होती आणि ते वाया घालवायचं नव्हतं, म्हणून मी थोडं थोडं करून शिकले. दोघांसाठी दोन लहान चमचे पत्ती, साधारण पाच ग्रॅम. दीडशे मिलीलिटरच्या वर थोडं पाणी. पाणी आधी चांगलं उकळायचं, आणि मग भांड्यातून भांड्यात ओतत खाली आणायचं. एकदा ओतलं की साधारण दहा अंश उतरतं, असा इथला अंदाज आहे. सत्तर-ऐंशी अंशांवर थियानीन मोकळं होतं आणि कॅटेचिन मात्र बराचसा पानातच राहतो. खळखळत्या पाण्यात तो सगळा बाहेर येतो. वर्षभरापूर्वी मी त्या चहाचं काय केलं होतं, ते मला आता कळलं.

पण उन्हाळ्यात चालणारं माप हिवाळ्यात चालत नाही. माझ्या स्वयंपाकघरात सकाळी बारा अंश असतात. थंडगार पेल्यात ओतलं की दहाच्या जागी पंधरा अंश उतरतात, मग थंड किटलीत आणखी. हातात चहा येईपर्यंत तो कोमट, आणि वास मेलेला. यावर उपाय एकच. किटली आणि पेले दोन्ही आधी गरम पाण्याने भरून ठेवायचे, ते पाणी टाकून द्यायचं, आणि मग मोजणीला सुरुवात करायची. मी पेलेही बदलले. पसरट पेले आत ठेवले आणि उभट, जाड बुडाचे काढले. त्यांत ऊब कोंडून राहते. आणि हिवाळ्यात पाणी ऐंशीच्या बाजूला ठेवते, वेळ मात्र तीस सेकंदांच्या पुढे जाऊ देत नाही. थोडा तुरटपणा आला तर येऊ दे. मिक्काबीची संत्री याच दिवसांत येतात, हमामात्सुच्याच उत्तर भागातली, पातळ सालीची. एक सोलून ठेवली की तो तुरटपणा हवाहवासा वाटतो.

आता ते फडताळातलं जुनं पाकीट. टाकून देऊ का, असं मी काकूंना फोनवर विचारलं. “अगं टाकू नको, भाज,” त्या म्हणाल्या. जुन्या झालेल्या सेन्चाची होजिचा करता येते, म्हणजे भाजलेला चहा. त्यांच्याकडे त्यासाठी मातीचं पसरट भांडं असतं. माझ्याकडे आईने दिलेली लोखंडी कढई होती, तेलाचा अंश राहू नये म्हणून आधी घासून, तापवून, पुसून घेतली. पत्ती चाळणीने चाळली, कारण खालची भुकटी आधी करपते आणि सगळ्याला कडवट वास लावते. आच मंद. रवा भाजताना जसा हात थांबत नाही तसाच इथेही थांबवायचा नाही. पहिली दोन मिनिटं काही होत नाही, फक्त गवताचा वास. मग वास एकदम पालटतो, थालीपिठाच्या भाजणीसारखा खमंग होतो, हिरव्या रंगावर तांबूस छटा येते, किंचित धूर दिसतो. त्याच क्षणी कढई उतरवून पत्ती ताटात पसरायची, नाहीतर तापलेल्या लोखंडावर ती पुढे भाजत राहते. माझी पहिली खेप तिथेच गेली. दुसरी छान जमली. सगळं घर त्या वासाने भरलं आणि शेजारच्या आजी दार वाजवून विचारायला आल्या, आज चहा भाजताय का.

होजिचाला नुकतं उकळलेलं पाणीच लागतं, निववायचं काही नाही. रंग तांबूस, तुरटपणा जवळजवळ नाही, आणि भाजल्याने त्यातलं कॅफिनही कमी होतं, म्हणून रात्री जेवणानंतरही चालतो. संक्रांतीला मी तिळगूळ केला आणि ऑफिसात होजिचासोबत दिला. भाजलेला तीळ, गूळ आणि भाजलेला चहा. सहकारी बाईंनी दोन वड्या कागदात बांधून आईवडिलांसाठी नेल्या.

काकांनी त्या दिवशी परत निघताना एक गोष्ट सांगितली होती. त्यांच्या डोंगरावर पूर्वी गवत कापायला बारा माणसं असायची, आता पाच. २०२४ साली कच्च्या, म्हणजे शेवटच्या प्रक्रियेआधीच्या, चहाच्या उत्पादनात दक्षिणेकडच्या कागोशिमा प्रांताने शिझुओकाला पहिल्यांदाच मागे टाकलं. तिकडे सपाट जमीन आहे, मोठी यंत्रं चालतात. इथे पेंढी खांद्यावरूनच उतरवावी लागते. काकांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ते उताराकडे बघत होते, कुठली बाजू अजून कापायची राहिली आहे ते मोजत. मी यंदाही गेले. दोन मराठी मैत्रिणींना बरोबर नेलं, एक देशावरची, जिने कडब्याच्या पेंढ्या बांधलेल्या होत्या. तिच्या गाठी बघून काका दोनदा थांबले आणि ती गाठ त्यांनी स्वतः बांधून पाहिली.

आज रविवार आहे. खिडकीची तावदानं वाऱ्याने सकाळपासून वाजताहेत. किटली गरम करून ठेवली आहे, पाणी पेल्यांत निवतंय. पाकीट मे महिन्यातलं, तळाशी थोडंच उरलेलं. सहकारी बाईंचा निरोप आला आहे: वरच्या कोपऱ्यातलं गवत अजून पसरायचं राहिलंय, शनिवारी वारा कमी असेल, जमेल का. मी हो कळवलं आहे. मनगट झाकणारे हातमोजे मात्र आधी विकत घ्यायला हवेत.